हौस कोणाची

भाईदासच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर एरवी दोघं बसत. पण लेक चेतना नंदुरबारला वकिली शिकायला लागल्यापासून ती गाडीत असली की तिच्या शेजारी दुसरं कोणी बसलेलं त्याला खपत नसे. "वकीलसाहेबना हात मोकळा पाहिजे," असं तो पॅसेंजरांना सांगे. वाद घालायला हात लागतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

त्या शनिवारी ती शहाद्याहून कळसाडीला त्याच्याच गाडीनं निघाली. आदल्या दिवशी निकाल लागला होता. करार कायद्यात अडतीस. पास व्हायला चाळीस हवे होते. कोणाला सांगू नका, असं तिनं फोनवरच बजावलं होतं. शहादा मागे पडेपर्यंत भाईदासनं कसाबसा दम धरला.

"शंभरमा अडतीस," तो आरशात बघत मागच्यांना म्हणाला. "मी तोरणमाळना घाटमा अडतीसच वळनं बरोबर लिधात, ते तुम्ही कोठे जाशात?"

"दरीमा!" मागून एका म्हातारीनं मोठ्या उत्साहानं उत्तर दिलं. सगळी जीप हसली.

"आबा, गाडी चालाडा."

"तेच करी ऱ्हायनू. दोधू, तुन्ही बांधनी केस हिलेच दे. अडतीस टक्का तरी जिंकशी."

मागच्या बाकावरचा दोधू म्हणाला, "चाली, भाऊ. मन्हा पहिला वकीलनी ते तेवढंबी जिंकं नही."

चेतना खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिली. मग पहिल्या वर्षापासून म्हणत आलेलं वाक्य तिनं पुन्हा म्हटलं. "माले कोठे शिकनं व्हतं? तुमनी हौस, म्हनीसन जास मी."

"मंग अडतीस मन्हा," भाईदास म्हणाला. "तुले भोपळा."

हसू आवरायला तिला तोंड पूर्ण वळवावं लागलं.

घरी जेवताना त्यानं हे सगळं बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं आणि स्वतःच्या ताटातलं भरलं वांगं लेकीच्या ताटात टाकलं. "खाई ले. दोन मार्कनी कमी शे."

रविवारी सकाळी जीप धुता धुता तो बंपरला टेकून खाली बसला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. भाईदासची मोठी बहीण, रेवाफुई, मात्र राहिली. घरात हसणं बंद पडलेलं तिला सोसत नसे. भावाची खोड तिच्यातही होती.

"आते कोनासाठे शिकस, बेटा?" ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "भाईदासनी हौस व्हती, त्यानासंगे गयी. शहादामा साडीसना दुकानमा पोर पाहिजे. पदर उलगडाना, घडी घालानी. तठे कोनी नापास करत नही."

आई मायेनं म्हणाली, "तिनी मर्जी पहिलेपासून नव्हतीच. किती येळा सांगं तिनी. सोडी दे, बेटा. आते कोनी काय म्हनाव नही."

म्हणजे तिचं ते वाक्य या दोघींना खरं वाटलं होतं. बारावीत असताना कोर्टाच्या फाटकापाशी उभं राहून काळ्या कोटांकडे बघत तिनं एक अख्खी दुपार घालवली होती, हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. हौस दुसऱ्याची म्हटलं की नापास होणं हलकं जातं. तिच्या त्या वाक्यावर मनापासून हसायचा तो एकटा भाईदास. त्याला ते कधी पटलंच नव्हतं.

"मंग सांगू ना दुकानवालाले?" फुईनं विचारलं.

"नको."

दोघी तिच्याकडे बघू लागल्या. पुढचं ती ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"आबानी हौस नव्हती ती, फुई. मन्ही शे. माले वकील व्हनं शे."