एका पायातली चप्पल

शाळेच्या हॉलची चावी हवी असेल तर एका पायातली चप्पल काढून ठेवायची, हा अण्णांचा कायदा. अण्णा म्हणजे त्या शाळेचे जुने शिपाई. निवृत्त झाले तरी फाटकाजवळची खोली आणि चावी त्यांच्याकडेच राहिली, कारण मागायची कुणाची टाप नव्हती. शाळा सुटली की हॉल वस्तीचा. कधी म्हाताऱ्यांचा व्यायाम, कधी बायकांचा शिवणवर्ग, कधी कुणाच्या मुलीचं लग्न. चावी नेणाऱ्याची एक चप्पल अण्णांच्या खोलीतल्या फळीवर चढायची. "एका चपलेवर कोण किती लांब जाणार? मुकाट्याने परत येतो!" असं म्हणून ते मिशीत हसायचे. चौतीस वर्षांत एकदाही चावी हरवली नाही.

त्यांची लेक लहानपणी त्या फळीखाली बसून अभ्यास करायची. चप्पल बघून आज हॉलमध्ये कोण आहे ते ओळखायची. झिजलेली टाच म्हणजे पोस्टमन, सुताने शिवलेला अंगठा म्हणजे घड्याळवाले काका. तीच लेक आता त्या शाळेची हेडबाई होती. "शिपायाची पोर हेडबाई झाली," हे अण्णा दूधवाल्यालासुद्धा सांगायचे, तेही रोज.

फळीवर एक चप्पल मात्र कायमची होती. निळ्या पट्ट्याची, आईची. शिवणवर्ग आईच घ्यायची, आणि अण्णा तिलाही चप्पल काढायला लावायचे. "अहो, मी तुमची बायको आहे!" ती चिडायची. "घरच्यांना सूट दिली तर बाहेरच्यांकडे कोणत्या तोंडाने मागू?" हे ठरलेलं उत्तर. एके दिवशी ती हॉलमध्येच चक्कर येऊन पडली, तिला तशीच दवाखान्यात नेली, आणि ती परत आलीच नाही. चावी कुणीतरी आणून दिली. चप्पल तिथेच राहिली.

आणि मग वरून, शिक्षण खात्याकडून, पत्र आलं. शाळेच्या वेळेनंतर हॉल वापरायला देण्यात शिस्त नाही अशी तक्रार आहे, शनिवारी सकाळी साहेब पाहणीला येतील, शिस्त दिसली नाही तर हॉल बाहेरच्यांना बंद. हेडबाईने पत्र दोनदा वाचलं. साहेबांना काय दाखवायचं, चपला? शुक्रवारी अण्णा चष्मा आणायला गेले तेवढ्यात तिने फळी उतरवली, आईची चप्पल कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि टेबलावर नवं कोरं रजिस्टर मांडलं. पेनाला दोरीसुद्धा बांधली.

अण्णा आले. रिकाम्या भिंतीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. "बरं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला साहेब हजर. हॉलला कुलूप, आणि चावी खोलीत नाही! रजिस्टरमध्ये काल संध्याकाळची घड्याळवाल्या काकांची झोकदार सही होती, पण काकांचा पत्ता नव्हता. घरी विचारलं तर त्यांची बायको म्हणाली, ते बसथांब्यावर गेलेत, बहिणीकडे निघालेत.

"छान शिस्त आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. हेडबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात काका धापा टाकत आले. "बाई, तिकिटाला खिशात हात घातला तर ही चावी! काय करू, दोन्ही पायांत चपला होत्या, तसाच घरी गेलो!"

साहेबांना काही कळेना. मग हेडबाईने सगळं सांगितलं. फळी, चपला, चौतीस वर्षं. "आणि काल मीच ते मोडलं, साहेब. मला लाज वाटली. माझ्या वडिलांच्या कामाची मला लाज वाटली." अण्णा उगाच चष्मा पुसत राहिले.

"पद्धत चांगली आहे," साहेब म्हणाले, "पण अण्णा थकलेत. त्यांच्यानंतर चावीची जबाबदारी कुणाची? त्याचं उत्तर असेल तर चालू लिहितो, नाहीतर बंद."

"माझी," हेडबाई म्हणाली. "नाव लिहा माझं."

साहेबांनी लिहिलं आणि हॉल बघायचा म्हणाले. काकांनी चावी अण्णांच्या हातात दिली. हेडबाई अण्णांच्या खोलीत गेली, फळी होती तिथे लावली, ट्रंकेतली निळ्या पट्ट्याची चप्पल काढून तिच्यावर ठेवली. मग बाहेर येऊन तिने चावीसाठी हात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने आपली एक चप्पल काढली.

"अगं, राहू दे," अण्णा पुटपुटले. "तू हेडबाई. तुला कशाला?"

"आईला सूट दिली होती का?"

अण्णांनी चप्पल घेतली. सदऱ्याच्या टोकाने तिची धूळ पुसली आणि आईच्या चपलेशेजारी ठेवली. हेडबाई एका पायात चप्पल घालून, साहेबांच्या पुढे, हॉल उघडायला निघाली.