अकरा नंबरची गाडी

इमारतीच्या नियमावलीत सतरावं कलम असं होतं की ज्याला गाडी नाही, त्याला पार्किंगची जागा नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्या आपल्या माणसाकडे गाडी नव्हती, जागा मात्र होती. अकरा नंबरची, खांबाला लागून, फ्लॅटबरोबर आयती मिळालेली. आणि तिच्यावर सेक्रेटरींचा डोळा होता.

"रिकामी ठेवून काय करणार?" सेक्रेटरी म्हणाले. "जागेला पोरं होणार आहेत का? दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या दोन गाड्या आहेत. पहिल्या तारखेला त्यांना देऊन टाकू."

"माझी येतेय गाडी," तो बोलून गेला.

जागेचं त्याला फारसं काही नव्हतं. पण सेक्रेटरी गाडीवाल्यांना 'साहेब' म्हणत आणि त्याला 'ओ चष्मा'. सात वर्षं ओ चष्मा ऐकल्यावर माणूस काहीही बोलून जातो.

रविवारी दुपारी सगळी इमारत आडवी झालेली असताना त्यानं आणि बायकोनं मिळून गाडी बांधली. मधे लोखंडी खाट, खाटेवर पुढे-मागे दोन-दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बॉनेट म्हणून मोडकं ड्रेसिंग टेबल आडवं, डिकी म्हणून लेकीचा, चिमीचा जुना पाळणा. आरशांच्या जागी दांड्याची दोन पातेली बाहेर काढली. वरून राखाडी कव्हर ओढलं, कडेचं इलॅस्टिक खाली अडकवलं, आणि दोघं चार पावलं मागे सरकली.

"जरा बसकी वाटते," बायको म्हणाली.

"स्पोर्ट्स असेल."

"आणि कुणी कव्हर काढून बघितलं म्हणजे?"

"दुसऱ्याच्या गाडीचं कव्हर कोण काढतं?"

"असतो एखादा तुमच्यासारखा रिकामटेकडा," असं म्हणून ती हात झटकत वर गेली.

सोमवारी सकाळी वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. सेक्रेटरी लिफ्टचं दार धरून म्हणाले, "साहेब, कोणती घेतलीत?"

"साधीच."

यात खोटं काही नव्हतं. खाट साधीच होती.

दुकानात तो पूर्वीसारखाच बसनं जायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, तिकडे गाडी लावायला जागाच मिळत नाही हो. ऐकणारा हळहळायचा. गाडीवाल्यांना अशी बरीच दुःखं असतात, ती आता याच्याही वाट्याला आली आणि तो ती चवीनं भोगू लागला. कपाटाची किल्ली बोटात फिरवत चालू लागला. गिऱ्हाइकांना "खालची ओळ वाचा" असं पूर्वी विनंती केल्यासारखं सांगायचा, आता हुकूम सोडायचा. गिऱ्हाइकं न दिसणारी अक्षरंही वाचायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या.

"काल अगदी वेळेवर भेटलात बाई तुम्ही! दवाखान्यातून थेट दारापर्यंत सोडलंत. आणि रस्ताभर किती हसवलंत मेलं! टाके दुखले माझे."

काल तो रात्री आठपर्यंत दुकानात होता. शिवाय त्यानं आयुष्यात कुणाला टाके दुखेपर्यंत हसवलं नव्हतं. काकू, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, एवढंच म्हणायचं होतं. पण काकू त्याच्याकडे अशा बघत होत्या, जसं कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला.

चुकलं ते इथेच.

संध्याकाळी तो सहज अकरा नंबरपाशी गेला. कव्हरखाली फरशीवर ऑइलचे तीन थेंब होते. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट कोमट होतं, नुकताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. आणि हाताखाली ड्रेसिंग टेबलाचा कोपरा लागायला हवा होता, तिथे गोलाई लागली. त्यानं इलॅस्टिकला बोट घातलं. तेवढ्यात मागून वॉचमन म्हणाला, "परत निघालात साहेब? फाटक उघडू?"

त्यानं बोट काढून घेतलं. खाली खाट निघाली तर काकूंसमोर तो खोटा, आणि गाडी निघाली तर ती चालवतो कोण? कुठूनही बघितलं तरी नुकसान त्याचंच होतं.

"तेल गळतंय," त्यानं घरी सांगितलं.

"उंदीर असतील," बायको म्हणाली.

"उंदरांतून तेल गळतं?"

"मला काय माहीत? कव्हर तुमचं, उंदीर तुमचे." पण हे ती त्याच्याकडे न बघता बोलली.

दोन दिवसांनी तो सुट्टी म्हणून घरी होता. चिमी शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि त्याला बघून थबकली.

"बाबा, तू वर कधी आलास?"

"मी सकाळपासून इथेच आहे."

"मग मला शाळेतून कोणी आणलं? तूच तर काचेवर वाफ सोडून मासा काढलास. शेपटीवाला."

"कुठल्या काचेवर?"

"आपल्या गाडीच्या." चिमीनं क्षणभर विचार केला, आणि एक पेन्सिल दप्तरात आहे नि एक घरी आहे असं सांगावं, इतक्या सहज म्हणाली, "हां, म्हणजे तो गाडीतला बाबा."

"कसा आहे तो?"

"तो ओरडत नाही. आणि 'नंतर बघू' असं म्हणत नाही." मग पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतात तसं ती म्हणाली, "तू पण चांगला आहेस."

तो स्वयंपाकघरात गेला. बायको ओट्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तूही बसलीस त्या गाडीत?"

"एकदाच. पिशव्या जड होत्या."

"आणि चालवत कोण होतं?"

"तुम्हीच की. म्हणजे, मला तसं वाटलं. उतरल्यावर आठवलं की आपली तर खाट आहे."

"मग?"

"मग काय? पिशव्या वर आणल्या." तिनं नळ सोडला, बंद केला. "दमलीस का, असं विचारलंत तुम्ही. त्यानं."

त्यानं स्वतः असं शेवटचं कधी विचारलं होतं, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. विचारायला तो आत्ताही तोंड उघडणार होता, पण आता विचारलं तर ती नक्कल झाली असती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात लवकर निघायची परवानगी काढली. जागा गेली खड्ड्यात, साहेबही गेला खड्ड्यात. ओ चष्मा तर ओ चष्मा, पण बायको आणि मुलगी आपल्या आपल्याकडे राहिल्या पाहिजेत. खाट मोडायची, खुर्च्या वर न्यायच्या, सेक्रेटरींना हात जोडायचे.

सहाच्या सुमारास तो पार्किंगमध्ये पोचला. आसपास कुणी नव्हतं. त्यानं इलॅस्टिक उचललं, डोळे मिटले आणि सरळ आत शिरला.

आत खाट होती.

खाट, खुर्च्या, पाळणा, सगळं रविवारी ठेवलं होतं तसंच. त्याला अगदी हायसं वाटलं. दम खायला म्हणून तो पुढच्या उजव्या खुर्चीत टेकला. कव्हरातून राखाडी उजेड येत होता. त्याला हसू आलं. हात आपोआप पुढे आले आणि जिथे स्टिअरिंग असतं तिथे हवेत थांबले. खाली घ्यायला गेला, तर हलेनात.

मग अगदी जवळ, त्याच्या कुशीत लागावं इतक्या जवळ, गाडीचं दार लागलं. बाहेरून कुणीतरी कव्हर हळूच खाली ओढलं. इलॅस्टिक नीट अडकवलं, एकेक कोपरा, सवयीच्या हातानं.

"आज लवकर साहेब?" वॉचमनचा आवाज.

"म्हटलं, घरी लवकर जाऊ जरा."

आवाज त्याचाच होता. थोडा जास्त मोकळा.

तो जिवाच्या आकांतानं ओरडला. आणि हॉर्न वाजला.

"साहेब, गाडी वाजतेय."

"वाजू दे. गरम आहे अजून, होईल शांत."

जिन्यावरून धावत पावलं आली. "बाबा!" चिमीची हाक. "आई म्हणतेय, सगळेच जाऊ या ना फिरायला!" तो पुन्हा ओरडला. या वेळी हॉर्न दोनदा वाजला, लांबलचक. पावलं थांबली, मग जवळ आली. कव्हरावर एक लहान तळवा टेकला, त्याच्या बरोब्बर छातीवर.

"हिला काय झालं?"

"दमली असेल," तो दुसरा म्हणाला. "आज चालत जाऊ."

"बरं," चिमी म्हणाली. मग कव्हराला तोंड लावून, अगदी हळू, "झोप हं तू." आणि वडिलांचा हात धरून ती गेली.