फेर्मोची गुरं उतरली

मोटार शेवटच्या वळणावरून खाली आली, तळं लागलं, तशी ओर्सोलानं काच खाली करायला सांगितली. तिला दिसत फारसं नव्हतंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच कळायचं. पण तळ्याच्या पाण्याचा वास तिला हवा होता. दोन महिने नोव्हाऱ्याच्या इस्पितळात औषधांचा वास घेऊन ती विटून गेली होती. छाती भरून एकदा श्वास घेतला आणि लगेच विचारलं, "फेर्मो कधी उतरतोय?"

"रविवारी," गाडी चालवणारी निवेस म्हणाली. निवेस तिची मुलगी, फेर्मोची बहीण.

हे सगळंच खोटं होतं असं नाही. रविवारी वरच्या कुरणावरून गुरं उतरणार होती. फेर्मो मात्र सहा आठवड्यांपूर्वीच उतरला होता, चौघांच्या खांद्यावरून. आता तो चर्चमागच्या दफनभूमीत बापाच्या शेजारी होता.

ऑगस्टच्या मध्यावर वादळ झालं, एक वासरू कड्याच्या पायरीवर अडकलं, आणि त्याला काढायला गेलेला फेर्मो ओल्या गवतावरून घसरला. वासरू वाचलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ओर्सोलाचं काळीज उघडून शिवलं होतं. निवेसला बाजूला घेऊन ते म्हणाले, तीन महिने कसलाही धक्का बसता कामा नये, बसला तर मी जबाबदार नाही. निवेस नोव्हाऱ्यात एका खानावळीत स्वयंपाक करायची. खानावळीत जास्तीचं काम आहे असं आईला सांगून ती सकाळच्या बसनं गावी आली, भावाला माती दिली आणि संध्याकाळच्या बसनं परत जाऊन आईला चमच्यानं सूप भरवलं. तो दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. पुढे आई दर रविवारी म्हणायची, फेर्मोला फोन लाव. आणि निवेस म्हणायची, वर रेंज नाही. ते मात्र खरंच होतं.

गावात तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं. प्रालागोत कुणाची कोंबडी मेली तरी दुपारपर्यंत तळ्याच्या पलीकडे बातमी जाते, पण ही गोष्ट लोकांनी पोटात ठेवली. ओर्सोलाला भेटायला येणारे खुर्चीच्या कडेवर बसत, पाऊस यंदा लवकर लागणार असं म्हणत आणि कॉफी अर्धी टाकून उठत. त्यांना निरोप देऊन दार लावताना निवेसला दर वेळी वाटे, आता हे घर आपल्या अंगावर पडणार.

पण खरी पंचाईत पुढेच होती. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं रंगीत कागद मागवला. कळपाच्या पुढे चालणाऱ्या गाईचा, कोंतेस्साचा मुकुट दरवर्षी ओर्सोलाच करायची. फर झाडाच्या फांद्या, मध्ये गोल आरसा, आणि भोवती कागदाची फुलं. डोळे गेले तरी बोटं गेली नव्हती. ती खिडकीशी बसून फुलं वळू लागली आणि निवेस समोर बसून तिला कागद कापून देऊ लागली.

"पिवळा नको कापूस. फेर्मोला पिवळा आवडत नाही. म्हणतो, कावीळ झाल्यासारखी दिसते गाय."

निवेस पिवळा कागद बाजूला ठेवायची आणि लाल घ्यायची. अशी चाळीस फुलं झाली.

शुक्रवारी तोबिया वरून खाली आला. हा निवेस-फेर्मोचा मावसभाऊ. फेर्मो गेल्यापासून एकतीस गाईंचं सगळं तोच बघत होता. दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलणारा माणूस नव्हे. त्यानं निवेसला गोठ्यामागे बोलावलं आणि सांगितलं, की घंटांत भरायचं गवत काढून ठेवलंय. फेर्मोनंच जूनमध्ये कापलेलं.

हे काय असतं ते निवेसला ऐकून माहीत होतं. ज्या घरातलं माणूस त्या उन्हाळ्यात गेलं, त्या घरची गुरं वाजत-गाजत उतरत नाहीत. फुलं नाहीत, मुकुट नाही, प्रत्येक घंटेत गवत कोंबायचं आणि कळप मुकाट्यानं गावातून न्यायचा. लोक दारात येऊन उभे राहतात, कुणी बोलत नाही. कळपामागे घरची माणसं चालतात, मध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडून. ती गेलेल्याची जागा. त्याची गुरं तो अखेरची घरी आणतो, अशी समजूत. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या वेळी फेर्मोनं हे केलं होतं. निवेस तेव्हा दफनाला येऊन गेली, पण गुरं उतरली त्या दिवशी तिला रजा मिळाली नव्हती. आईनं नंतर फोनवर सगळं सांगितलं, आणि निवेसनं ते भाजी चिरता चिरता ऐकलं.

"गवत नाही भरायचं," ती तोबियाला म्हणाली. "घंटा वाजल्या नाहीत तर आईला त्या क्षणाला कळेल. खिडकीतच बसलेली असते ती. जागच्या जागी जाईल."

"त्याचा दिवस आहे तो, निवेस."

"त्याला आता काय फरक पडतो, तोबिया? एका दिवसाच्या घंटांचा प्रश्न आहे. आई जगली पाहिजे."

तोबिया तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं शहरात काढलेल्या बहिणीला काय सांगावं ते त्याला उमगेना. त्याचे दहा शब्द बहुधा संपले होते. मान हलवून तो गेला, जाताना मुकुट घेऊन गेला, पण तो हातात धरण्याची त्याची तऱ्हा निवेसला बघवली नाही.

मी तिला दोष देत नाही. आईचं काळीज जिनं नळ्यांसकट पाहिलंय, तिनं दुसरं काय करावं? पण गावातल्या पोरासोरांनासुद्धा जे कळलं असतं ते तिला कळलं नाही, हेही खरंच.

रविवारी गुरं उतरताना बघायला बाहेरगावच्या पाहुण्यांच्या चार बस आल्या. ऊन चांगलं पडलं होतं. निवेसनं आईला निळा झगा घातला, खांद्यावर शाल दिली आणि खिडकीत खुर्ची मांडली. चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंता रटरटत होता. फेर्मोसाठी वेगळं चीज काढून ठेवायला आईनं लावलं होतं. अकराच्या सुमाराला गावाच्या वर, वाटेवरच्या छोट्या देवळीपाशी पहिली घंटा वाजली आणि ओर्सोलाचा चेहरा असा काही उजळला की निवेसला वाटलं, केलं ते बरंच केलं.

"ही कोंतेस्सा," आई म्हणाली. "ही म्हातारी मोरा, हिची घंटा चिरलेली आहे. आणि ही कोण? नवी घेतली का त्यानं?"

कळप तळ्याकाठच्या रस्त्याला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोन उंच धरले. निवेसनं खाली पाहिलं. रस्त्यावर सगळे पाहुणेच होते. गावातल्या एकाही घराचं दार उघडं नव्हतं. भर उन्हात खिडक्यांची लाकडी झापडं ओढलेली. पाववाल्याच्या पायरीवर दोघे म्हातारे होते, तेही घंटांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सगळ्यांच्या मागे तोबिया, टोपी हातात घेऊन, मान खाली घालून, चोरीची गुरं हाकल्यासारखा चालत होता.

झीटाच्या दारूच्या दुकानापाशी कोंतेस्सा थांबली. दरवर्षी थांबायची. झीटा पेला घेऊन बाहेर यायची, फेर्मोला चार शिव्या हासडायची, तो उभ्या उभ्या पेला रिकामा करायचा आणि मग कळप पुढे सरकायचा. आज झीटाचंही दार बंद होतं. कोंतेस्सा मुकुट हलवत उभी राहिली. अखेर तोबियानं तिला ढकलून पुढे काढलं.

खिडकीत ओर्सोलाचं हसू मावळलं होतं.

"झीटा ओरडली नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कुणीच ओरडलं नाही त्याला."

गुरं खालच्या गोठ्यात शिरली. दावी बांधल्याचे आवाज आले. ओर्सोला जिन्याकडे कान लावून बसली. फेर्मो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. जिना चढून कुणीच आलं नाही.

"निवेस, इकडे ये. माझ्यासमोर बस. माझा मुलगा कुठाय?"

निवेस बसली. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. वासरू, कडा, सोळा ऑगस्ट. सांगताना तिची नजर आईच्या छातीवर होती, झग्याखाली जिथे टाके होते तिथे. छाती वर-खाली होत राहिली. ओर्सोलानं मोजके प्रश्न विचारले. लगेच गेला का? हो, लगेच. आंघोळ कुणी घातली? झीटानं आणि तोबियाच्या बायकोनं. कपडे कुठले? लग्नाकार्याचे, तपकिरी. मग बराच वेळ ती नुसती पुढे-मागे डुलत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. पोलेंता करपल्याचा वास सुटला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

शेवटी तिनं आपले हात निवेसच्या हातांतून सोडवून घेतले.

"आणि आज त्याला वाजवत आणलंस."

"आई, डॉक्टर म्हणाले होते, धक्का..."

"डॉक्टर इथला नाही. तू इथली आहेस ना?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्याच्यासाठी फुलं केली, निवेस. लाल फुलं. तू समोर बसून कापून देत होतीस."

निवेसला एकदम त्या दोघा म्हाताऱ्यांच्या पाठी आठवल्या आणि कळलं, की ते रागावलेले नव्हते. जे ऐकू नये ते कानावर पडू नये म्हणून ते वळले होते. तिच्या भावाची लाज त्यांनी जमेल तेवढी झाकली होती.

"उद्या सकाळी गुरं परत देवळीपर्यंत न्या," ओर्सोला म्हणाली. "पुन्हा उतरवा. नीट उतरवा. मी चालणार आहे."

निवेसनं हात जोडले, रस्ता लांब आहे म्हणाली, छातीचं काय म्हणाली. ओर्सोलानं एवढंच सांगितलं, की शिवलेलं काळीज आहे, आज ऐकलं ते सोसलं म्हणजे चालणंही सोसेल.

सोमवारी सकाळी तळ्यावर धुकं होतं. देवळीपाशी तोबिया आणि निवेस दोघं मिळून घंटांत गवत भरत होते. एकतीस घंटा. गवत सुकलं होतं तरी त्याला अजून रानफुलांचा वास होता. जूनमध्ये फेर्मोच्या विळ्याखालून गेलेलं ते गवत मुठीमुठीनं कोंबताना निवेसला पहिल्यांदा नीट रडू आलं. तोबिया म्हणाला, आणखी दाबून भर, कोंतेस्साची मोठी आहे. त्याला सांत्वनाचं याहून जास्त काही जमत नसे. काम झालं तसा तो गाडी घेऊन ओर्सोलाला आणायला गेला.

कळप निघाला. घंटा वाजत नसल्या की गुरांच्या चालीत इतके आवाज असतात हे निवेसला माहीत नव्हतं. खुरांचे, फुसकारण्याचे, एकमेकींच्या अंगाला अंग घासल्याचे. आज सगळी झापडं उघडी होती. दारादारांत माणसं उभी होती, पुरुषांच्या टोप्या हातात. कुणी बोललं नाही. ओर्सोला काठी टेकत कळपामागे चालत होती, दुसऱ्या हातानं तोबियाचा दंड धरून. निवेस त्यांच्याही मागे होती. तिला पुढे ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि आपण होऊन जायची तिची हिंमत नव्हती.

झीटाच्या दुकानाशी कोंतेस्सा थांबली. सगळा कळप थांबला.

"काय झालं?" ओर्सोलानं विचारलं.

"थांबायची सवय आहे तिला, मावशी," तोबिया म्हणाला.

झीटा दारातच होती. तिनं भरलेला पेला आणला आणि पायरीवर ठेवला. या वेळी शिव्या दिल्या नाहीत. सगळे उभे राहिले, एक माणूस पेला रिकामा करायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ. मग ओर्सोलानं मान वळवली.

"निवेस कुठाय?"

"मागे आहे."

"मागे काय करतेय? सख्खी बहीण आहे. तिला म्हणावं, इथे ये. तोबिया, तू पुढे जा, गाय काढ."

निवेस पुढे आली आणि आईच्या जवळ जाऊ लागली. ओर्सोलानं काठी आडवी धरून तिला थांबवलं. चाचपून अंतर पाहिलं, काठीच्या टोकानं तिला थोडं बाजूला सरकवलं. एका माणसाएवढं. फेर्मो अंगानं रुंद होता, म्हणून आणखी थोडं.

कळप हलला आणि दोघी चालू लागल्या. घर शंभर पावलांवर होतं. चढ नव्हता, पण दगडी फरशी दवानं ओली होती, आणि गोठ्याच्या अलीकडे ओर्सोलाचा पाय सरकला. ती पडली नाही, नुसती झोकांडली. निवेसचा हात आपसूक तिच्याकडे गेला.

"हात नको," ओर्सोला म्हणाली. "मध्ये तो आहे."

निवेसनं हात मागे घेतला. गोठ्याच्या दारापर्यंत त्या तशाच चालत गेल्या.