तांबूस केसांचं घरटं

गळ्याभोवती कापड बांधलं की माणसाची जीभ सुटते. का सुटते ते कात्रीताईला कधी उमगलं नाही, पण सुटते खरी. हात कापडाखाली, मान खाली, समोर आरसा. दुसरं करणार काय बिचारा? गावात सलून एकच आणि ते ताईचं, वडिलांकडून आलेलं. त्यामुळे कोणाचं कोणाशी फाटलं, कोणती जाऊ कोणत्या जावेला पाण्यात पाहते, कोणाच्या गुडघ्यात काय भरलंय, हे सगळं आठवडाभर तिच्या कानांत ओतलं जाई. ती नुसतं "हं" म्हणे आणि कात्री चालवी. खुर्चीतलं खुर्चीतच राहायचं, हा वडिलांचा नियम तिने आजवर मोडला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मात्र ती थेट वरच्या रानात जाई. गावामागच्या टेकडीवरचं हे रान साऱ्या गावाच्या मालकीचं. आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून ते विकत घेतलं, भोवती दगडी कुंपण रचलं, कुंपणापुढे उभं राहून फोटो काढला आणि पुढच्या पिढीच्या हवाली केलं. पुढची पिढी ते साफ विसरून गेली. फोटो तेवढा समितीच्या सभागृहात लटकत राहिला. रानात एक झरा होता, मोठमोठी जुनी झाडं होती आणि बोलणारं कोणीही नव्हतं. ताई खडकाला टेकून पाय पसरे आणि दुपारभर गप्प बसे. तिला ना नवरा, ना पोर. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. सगळ्या आठवड्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ती दुपार.

आणि आता ती दुपारच जाणार होती. गावसमितीच्या अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला होता की रान खोके बनवणाऱ्या एका कारखान्याला लांब मुदतीच्या भाड्याने देऊन टाकावं. कारखाना झाडं काढणार, जमीन सपाट करणार, गोदाम बांधणार. रविवारी मतदान. प्रस्तावात एक वाक्य होतं : सदर रानाशी गावकऱ्यांचा कोणताही संबंध उरलेला नाही. ताईने ते फलकावर दोनदा वाचलं. राग काढावा तर कोणावर? वाक्य खोटं थोडंच होतं?

अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हता हो. नळ आणला त्याने, रस्ता केला त्याने. सभेत त्याचा हात वर गेला की निम्मं सभागृह आपोआप हात वर करी. फक्त स्वतःच्या केसांवर त्याचा जीव भारी. गेल्याच हिवाळ्यात त्याने ताईचा सल्ला धाब्यावर बसवून कुठून तरी भारीतला कलप मागवला आणि दुपारी शटर अर्धं ओढून तो लावून घेतला. डोकं धुतलं तर केस गाजरासारखे! ताईने हसू दाबत सगळे केस बारीक कापून टाकले. पुढे महिनाभर अध्यक्ष कानटोपी घालून फिरले. डोक्याला गार वारा बाधतो म्हणाले. गावाने विश्वास ठेवला.

मतदानाच्या आधीच्या सुट्टीला ताई वर गेली ती जड पायांनी. आदल्या दिवशी वारं सुटलं होतं. तिच्या खडकाजवळ एक घरटं पडलेलं दिसलं. पिल्लं केव्हाच उडून गेलेली, घरटं रिकामं. तिने सहज उचललं. बाहेरून काड्या, मुळं, कोळ्याची जाळी. आणि आत, वाटीसारखं गोल गोल फिरवून बसवलेलं मऊ अस्तर. ताईने ते बोटाने चाचपलं आणि तिचं बोट थबकलं. तिच्या बोटांना हे चांगलंच ओळखीचं होतं. ते केस होते, माणसांचे. दुकानामागच्या टोपलीचं झाकण तुटून जमाना झाला होता आणि कोणी तरी तिथून मुकाट्याने माल उचलत होतं!

ती तिथेच बसली आणि गिऱ्हाईकं ओळखू लागली. हा पांढरा कुरळा, गुरुजींचा. ही जांभळी बट दूधवाल्या मावशींची. भाचीने हौसेने रंगवली आणि मावशींनी तिसऱ्या दिवशी कापायला लावली होती. ही राठ, आखूड काडी डोक्यावरची नव्हेच, टकल्या पोस्टमनच्या मिशीतली. आणि अगदी मध्ये, जिथे अंडी टेकत असतील तिथे, तांबूस केसांचा झुपका. ताई एकटीच खो खो हसत सुटली. त्या रानात ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली असेल.

दुसऱ्या दिवशी घरटं आरशासमोर मांडलेलं होतं. पहिल्याच आल्या त्या दूधवाल्या मावशी.

"हे काय गं, कचरा कशाला मांडलास?"

"नीट बघा तरी, मावशी."

मावशींनी चष्मा पुसला, वाकल्या आणि एकदम ओरडल्या, "अगंबाई, ही तर माझी बट! माझ्या केसांवर पिल्लं झोपली?"

"चांगली वाढून उडून गेली."

मावशींनी दुधाची किटली खाली ठेवली आणि घरटं पुन्हा निरखलं. मग हळूच म्हणाल्या, "आणखी असतील का गं वर?"

बस्स! दुपारपर्यंत गावभर झालं. पोस्टमन धावत आला.

"माझं काय? मला तर केसच नाहीत."

"तुमच्या मिश्या आहेत ना. ही बघा."

पोस्टमनने मिशीला असा काही पीळ दिला की विचारू नका. त्या आठवड्यात ज्यांना टेकडीची वाटही ठाऊक नव्हती ती माणसं माना वर करून रानात फिरली. घरट्यांना हात लावायचा नाही, खालूनच बघायचं, असा दम ताईने प्रत्येकाला कापडाखाली बसवून भरला होता. आपले केस क्वचितच कोणाला दिसले. पण शोधता शोधता झरा दिसला, ढोलीतलं घुबड दिसलं, आजोबांनी रचलेलं कुंपण दिसलं. गुरुजी तर झऱ्याचं पाणी पिऊन आले आणि दोन दिवस तेवढंच सांगत बसले. ताई ऐकत होती, "हं" म्हणत होती. आतून मात्र धास्तावलेली होती. कौतुक वेगळं आणि मत वेगळं. वर जाऊन आलेले फार तर अर्धे. बाकीचे अर्धे अध्यक्षांच्या हाताकडे बघणारे.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. अध्यक्षांनी प्रस्ताव खणखणीत वाचला. "कोणताही संबंध उरलेला नाही" इथवर आले आणि मावशी उठल्या.

"नाही कसा? ताई, दाखव गं!"

ताईला चारचौघांत बोलायची सवय नाही. ती उठली, घरटं टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आपण वर जात नव्हतो. आपले केस जात होते."

माणसं टेबलाभोवती गोळा झाली. पोस्टमन आपली मिशी दाखवत सुटला. तेवढ्यात मागून कोणी तरी विचारलं, "हे मधले तांबडे कोणाचे? गावात तर असं डोकं नाही."

सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या. ताईची नजर मात्र अध्यक्षांकडे गेली नाही. तिने ती मुद्दाम जमिनीत रोवली. एक नाव घेतलं असतं तर प्रस्ताव मांडणाऱ्याचंच हसं झालं असतं आणि रान कदाचित वाचलंही असतं. ओठांवर आलेलं नाव तिने गिळलं.

"खुर्चीतलं खुर्चीत," ती म्हणाली. "मी केसाने गळा कापणारी नाही."

अध्यक्षांनी घाम पुसला. त्यांच्या बाजूला बसलेला त्यांचा मेव्हणा कुत्सित हसला. "कसले माणसाचे? गाढवाचे असतील! कुठल्या तरी लूत लागलेल्या गाढवाचे."

सभागृह खदाखदा हसलं. अध्यक्ष लालबुंद झाले. गप्प बसले असते तर जिंकले होते. पण गुरुजींचे केस पाखरांना चालले, मिशी चालली, आणि मधल्या मानाच्या जागी बसवलेले आपले केस गाढवाचे?

"गाढव असशील तू!" ते कडाडले. "परदेशातून मागवलेला कलप होता तो!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मावशी म्हणाल्या, "म्हणजे ती कानटोपी…" आणि जो हशा फुटला तो काही केल्या आवरेना. मेव्हणा तेवढा हसला नाही. अध्यक्ष टेबलाला धरून उभे होते. आता हा माणूस सभा मोडून निघून जाणार, असं ताईला वाटलं. पण त्यांनी घरटं उचललं. मधल्या झुपक्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू निवळला आणि ते स्वतःच हसू लागले, पोट धरून.

"ताई, इथे अंडी होती?"

"अगदी तिथेच."

अध्यक्षांनी नाक शिंकरलं. मग एकदम आवाज चढवला. "प्रस्तावाच्या विरोधात कोण? हात वर!" आणि सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला.

हातांचं रान माजलं! बाजूने एकटा मेव्हणा उरला. त्यानेही इकडे तिकडे बघून शेवटी कान खाजवायच्या निमित्ताने हात वर नेला. प्रस्ताव फेटाळला, असं अध्यक्ष म्हणाले ते कोणाला ऐकूच गेलं नाही, एवढा गलका झाला. मावशींनी ताईला अशी मिठी मारली की तिची कंबर मोडायची. आपण जिंकलो, रान राहिलं, हे ताई मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता.

सभा घरी गेलीच नाही. सगळी वरात टेकडी चढली, धापा टाकत, एकमेकांना ओढत, पुढे अध्यक्ष. वर मोठ्या झाडाखाली पोचल्यावर एक छोटंसं राखी पाखरू चोचीत काही तरी घेऊन फांदीवर आलं आणि कोणी न सांगता सगळे थांबले. ताई जरा मागे, खडकाजवळ उभी होती. या प्रत्येक डोक्याचा भोवरा तिला पाठ होता. जन्मभर तिने ह्या माणसांना एकच गोष्ट सांगितली होती, मान खाली, आणि त्यांनी निमूट ऐकलं होतं. आज अख्खं गाव मान वर करून उभं होतं, तोंडं उघडी, चेहऱ्यांवर ऊन. ताईला रडू फुटलं, आनंदाचं, हमसून हमसून. कोणाला दिसलं नाही. सगळे वर बघत होते.