मेक्सिकोत आपल्याला मत नाही

आमच्या ह्यांनी लांजा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. आठ आण्यांच्या सुट्ट्यावरून ते प्रवाशाशी राजापूरपर्यंत वाद घालायचे आणि शेवटी राजापूरच्या स्टँडवर स्वतःच्या खिशातून आठ आणे द्यायचे. असा माणूस रिटायर झाला आणि हातात मोबाइल आला, तर तो काय करणार? रोज सकाळी चहाच्या आधी मेक्सिकोच्या पेसोचा भाव बघणार.

पेसो म्हणजे तिकडचा रुपया. आमचा शुभंकर चार वर्षं तिकडे मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, आणि पगार पेसोत मिळायचा. त्यानं चार लाख पेसो साठवले होते. ते पैसे गावी आले की नोकरी सोडायची आणि घरामागं काजूचा छोटा कारखाना घालायचा, हे त्याचं ठरलेलं. बी उकडायचं, फोडायचं, गर वाळवायचं आणि गराची तांबडी साल काढायचं, अशी चार यंत्रं त्यानं कागदावर मांडली होती. मला यंत्रांतलं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की जूनच्या अखेरीस त्याचा करार संपतो; तेव्हा आला तर आला, नाहीतर आणखी दोन वर्षांची सही करून बसेल. चार गणपती त्याच्याशिवाय गेले होते. मोबाइलमधून हात जोडणाऱ्या पोराला प्रसाद कसा द्यायचा, ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

एप्रिलात एका सकाळी त्याचा फोन आला. "बाबा, पैसे पाठवून देऊ का?" तेव्हा एका पेसोला पाच रुपयांना थोडेच कमी मिळत होते. चार लाखांचे जवळजवळ वीस लाख होत होते.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "थांब. आपल्याकडं लोकसभेची निवडणूक हाय. निकाल अधांतरी लागला तर रुपया घसरंल. रुपया घसरला की तुझ्या पेसोला जास्त रुपये मिळतील. चार जूनपातूर दम धर."

"बाबा, दोन जूनला इथं पण निवडणूक आहे."

"असंना का. तिथल्या निवडणुकीचं आपल्याला काय? आपल्याला मत हाय काय तिथं?"

शुभंकर हसला, मीही हसले. ह्यांना स्वतःचं वाक्य इतकं आवडलं की वाण्याच्या दुकानात आणि एसटी थांब्यावर ते दिवसभर ऐकवत फिरले.

पण रक्कम मोठी, म्हणून मनात धाकधूक होतीच. आमच्या गावात विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, वाघजाईला कौल लावल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेसोसाठी कौल लावणारे मात्र आमचे हेच पहिले.

शिवा गुरवानं हात जोडले. "आये वाघजाई, तुझा लेकरू सातासमुद्रापार पोट भराय गेलाय. त्याच्या घामाचा पैसा आत्ताच गावी आणावा काय, ता सांग. आणायचा आसंल तर उजवी दे."

उजवी पाकळी लगेच पडली. शिवानं ती माझ्या ओंजळीत टाकली आणि मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ह्यांचं तोंड मात्र उतरलं. पुढच्या सोमवारी हे पुन्हा देवळात हजर. मीही मागोमाग गेले, कारण ह्यांची चाल मला ओळखता येते.

"शिवा, आज प्रश्न येगळा हाय."

"भिकाजीभाऊ, एकदा इचारलं की इचारलं," शिवा म्हणाला. "देवीची काय उलटतपासणी करतात?"

"उलटतपासणी नाय रे. आत्ता आणा म्हणाली, ता मान्य. पण निकाल लागल्यावर आणले तर चालेल काय, येवढंच इचार."

शिवानं नाइलाजानं विचारलं. ह्या खेपेला पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग सावकाश उजवी पडली. म्हणजे चालेल.

"आपली देवी भिडस्त," वाटेत मी म्हटलं. "पहिल्यांदा तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा तुमचं नुसतं ऐकून घेतलं."

"तुला राजकारण कळत नाय गो," हे म्हणाले.

सात मेला आम्ही मत देऊन आलो. बोटावरची शाई वाळायच्या आत हे रुपयाचा भाव बघायला बसले. "देशाला मत दिलंत आणि देशाचा रुपया पडू दे म्हणून बसलात," मी म्हटलं. "असा मतदार सरकारनं बघितला नसेल." ह्यांनी चहा मागितला.

चार जूनच्या सकाळी आमच्याकडे मोजणी सुरू व्हायची होती. ह्यांनी टीव्ही लावला, मोबाइल घेतला आणि बघतच राहिले. पेसो चार रुपये सत्तर पैशांवर आला होता. आधी ह्यांना मोबाइल बिघडला असं वाटलं. मग शुभंकरचा फोन आला. मेक्सिकोत रविवारी मतदान झालं होतं, सत्ताधारी पक्षाला कुणी धरलं नव्हतं एवढं मोठं बहुमत मिळालं होतं आणि आता सरकारला आवरणारं कुणी नाही म्हणून बाजार बिचकला होता. आमच्या टीव्हीवर तासातासाला आकडे फिरत होते. ह्यांनी म्हटल्याप्रमाणे त्या दिवशी रुपया थोडा घसरलासुद्धा. पण पेसो त्याच्या कितीतरी पुढं घसरून बसला होता. आपलं मत नसलेल्या निवडणुकीनं आपल्याला गाठलं.

"दोन दिवसांत सुधारंल," हे म्हणाले. दोन दिवसांचे आठ झाले आणि पेसो साडेचारच्याही खाली गेला. मग शुभंकरनं पैसे पाठवून टाकले. वीस लाखांत दोन लाख कमी आले.

ह्यांचं जेवण तुटलं. ताटात भात चिवडत बसायचे. मला राग आला होता, पुष्कळ आला होता, पण पडलेल्या माणसाला काय पाडायचं? रविवारी शुभंकरचा फोन आला तेव्हा मी चुलीपाशी होते. "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो सांगत होता. "मी दोन वर्षांची सही करतो. सगळं भरून निघेल."

ह्यांचे डोळे भरलेले. मी ओल्या हातानंच फोन घेतला.

"दोन लाख कमी पडले तर कुठलं यंत्र राहून जातं?"

"सालं काढायचं, आई."

"ती मी काढते. सही करू नको."

"अगं, रोजचे किती किलो गर असतील, तुला कल्पना आहे का?"

"तू ये आणि मोज. दोन लाख काय, चार गेले तरी चालतील मला. तू दारात पाहिजेस."

तो म्हणाला, "तिकीट बघतो."

फोन ठेवल्यावर हे हळूच म्हणाले, "वाघजाईला एकदा इचारू या काय?"

"आता तिच्या दारात नारळ घेऊन जायचं आणि तोंड बंद ठेवायचं," मी म्हटलं. त्यांनी तसंच केलं. नारळ ठेवला, कान धरले आणि न विचारता परत आले. शिवा गुरव ते अजून सांगतो.

शुभंकर जुलैत आला. ह्या वर्षी आरतीत झांजा त्याच्या हातात होत्या आणि प्रसाद मी त्याच्या तळहातावर ठेवला. घरामागच्या शेडात आता तीन यंत्रं चालतात. सालं काढायला मी, शेजारची हौसा आणि आमचे हे. पहिल्या आठवड्यात कळलं की आम्हा दोघींपेक्षा ह्यांचा हात भारी. एकतीस वर्षं गठ्ठ्यातून नेमकं एक तिकीट फाडणारी बोटं ती. साल निघते आणि गर अख्खा राहतो. हौसा तर त्यांना मास्तर म्हणायला लागली आहे.

नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक झाली. डॉलर चढला म्हणून हे शेडात येऊन सांगत होते, तेव्हा शुभंकर म्हणाला, "बाबा, पहिल्या मालाचे पैसे आलेत. ते सालं काढायचं यंत्र आता घेऊन टाकू."

ह्यांनी मोबाइल खाली केला. एकदा यंत्राच्या मोकळ्या जागेकडं बघितलं, एकदा पोराकडं. बापलेक सकाळपासून दुपारपर्यंत तिथं समोरासमोर बसतात. चार वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं ह्या चार महिन्यांत बोललेत.

"यंत्र आलं म्हंजे माजं इथं काय काम?" हे म्हणाले. "पुढल्या वर्षी घेतलंस तरी चालेल."

आणि मोबाइल माझ्या हातात देऊन त्यांनी गरांची पुढची पाटी जवळ ओढली.