खंडेनवमीला अडलेला रिपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना राखाडी डबा आहे. भोपाळच्या साकेत नगरात, एका छोट्या खासगी रुग्णालयाच्या जिन्याखाली मी राहतो. माझ्या अंगावर ‘गेटवे’ असे लिहिले आहे. सफाईवाले मला ‘वो गरम वाला डिब्बा’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

माझ्या एका दाराला लॅबचे नेटवर्क जोडलेले आहे. ते जुन्या वळणाचे. ठरलेल्या एकाच रस्त्याने जायचे, विचारायचे नाही. दुसऱ्या दाराला वॉर्डांचे नेटवर्क. तिथला प्रत्येक निरोप त्या घडीची मोकळी वाट बघून निघतो. पत्ते लिहिण्याच्या तऱ्हाही निराळ्या. एका दाराने आलेल्या रिपोर्टचा पत्ता बदलून मी त्याला दुसऱ्या दाराने वाटेला लावतो. आठ वर्षांत कोणी शाबासकी दिली नाही. चालू असलेल्या डब्याला शाबासकी द्यायची पद्धत नाही.

अपवाद खंडेनवमीचा. लॅबमधल्या वैजयंतीताई मूळच्या इंदूरच्या. दरवर्षी त्या यंत्रांची पूजा करतात. यंदा त्यांनी माझ्या दोन्ही वायरी काढल्या, मला पुसले, झेंडूचा हार घातला आणि दारांवरच्या ‘लॅब’, ‘वॉर्ड’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटे उमटवली. मग अंदाजाने वायरी परत लावल्या. उलट्या.

मी सुखावलो होतो, पण नियम म्हणजे नियम. लॅबचा निरोप वॉर्डांच्या दाराने आला तर आत घ्यायचा नाही, असे मला शिकवले आहे. मी एकूण एक रिपोर्ट अडवला. अत्यंत निष्ठेने.

त्यात मंदाकिनीकाकूंचाही होता. डेंग्यूमुळे अकरा दिवस त्या पलंगावर. प्लेटलेट वाढल्या असतील तर आज घरी. वैजयंतीताईंनी फोनवर आकडा सांगितला, पण तो कॉम्प्युटरमध्ये आल्याशिवाय छुट्टीचा कागदच निघत नाही.

काकूंची मुलगी जुई जिना उतरून आली. “अहो ताई, आई चप्पल घालून बसलीये! तासभर झाला!”

शेवटी नेटवर्कवाल्या परीक्षितला कोलार रोडवरून बोलावले. त्याने हार वर उचलला, कुंकू पुसले आणि हसत सुटला.

“ताई, याला एवढं सजवलंत की याची दारंच गायब!”

“हसतोस काय रे! आधी चालू कर, मग हस.”

त्याने वायरी बदलल्या. काकूंचा रिपोर्ट माझ्यातून गेला: एक लाख अठरा हजार. जुई दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली.

थोड्या वेळाने काकू स्वतःच्या पायांनी खाली आल्या. व्हीलचेअर रिकामीच मागून येत होती.

“हाच का तो?”

“हाच, काकू,” परीक्षित म्हणाला.

“दिसतो तर गरीब!” त्यांनी माझ्या हारातला एक झेंडू काढून केसांत खोवला आणि गेल्या.

पाठोपाठ वॉर्डाकडून लॅबला निरोप आला: संध्याकाळचे रक्त घेऊ नये, रुग्ण घरी. त्या दिवशी मी बरेच निरोप नेले. हा जरा मिरवत नेला.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांची पूजा जरूर करा, आम्हाला आवडते. पण वायरी काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवा. हाराचा नव्हे. वायरींचा.