बाहेरून तीन, आतून दोन

अकरा वर्षं मी एका कपाटाच्या पाठीशी गप्पा मारत होते. ते काही बोलायचं नाही, तर मला वाटायचं, लाजतंय. मीच आपली समजूत घालायचे, "राहू दे, सवडीने बोल." समोर आहे ती पाठ आहे, तोंड नव्हे, हे कळायला मला अकरा वर्षं लागली. तर एवढीच अक्कल असलेली मी एक खिडकी. पुढचं ऐकायचं की नाही, तुम्ही ठरवा.

चाळिशी माझीही उलटून गेली. पण मला काच जन्मापासूनच आहे, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

मला घडवणारा सुतार कानाला पेन्सिल लावायचा आणि तीच पेन्सिल घरभर शोधायचा. त्याने मला दोन झडपा दिल्या, प्रत्येकीत तीन-तीन काचा, आणि एक कडी, जी अजून रुसल्यासारखीच उघडते. मला भिंतीत बसवताना गवंडी म्हणाला होता, "उत्तरेला कशाला खिडकी? इकडे ऊन यायचं नाही."

"ऊन नाही, उजेड येतो," सुतार म्हणाला. "दोन्ही वेगळे."

मला काही कळलं नाही. पण ऐकायला गोड वाटलं, म्हणून जपून ठेवलं.

घरात दोघं नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा. त्यांची सून त्यांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणते. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. माझ्या कट्ट्यावर दुधाचं पातेलं निवायला ठेवलेलं असायचं, एक मांजर येऊन त्याच्याकडे तत्त्वज्ञासारखं बघत बसायचं, आणि मी दोघांकडे बघत डुलक्या काढायचे. काम असं मला कुणी सांगितलंच नाही.

मग बाबांच्या थोरल्या बहिणीने घर बदललं आणि तिचं भलंमोठं कपाट आमच्याकडे आलं. दार काढून ते आत घेतलं. कुठेच मावेना. शेवटी माझ्यासमोर उभं करून बाबा म्हणाले, "तात्पुरतं इथे राहू दे."

माणसं तात्पुरतं म्हणाली की समजावं, आता हे नातवंडांना पुरणार.

पुढची वर्षं मला स्वप्नासारखी आठवतात. एका गालावर आभाळ, दुसऱ्या गालावर कपाट. बाहेरून ढग माझ्या काचेत शिरायचे आणि आत जायला वाट नाही म्हणून तिथेच रेंगाळायचे. फटीतून सूतभर उजेड आत घरंगळायचा, त्यात धूळ वरखाली तरंगायची. मी ती मोजत बसायचे, सातशेपर्यंत आले की झोप लागायची. जाग आली की पुन्हा पहिल्यापासून. घरातले आवाज लोकरीत गुंडाळून माझ्यापर्यंत यायचे.

त्यात एक आवाज जरा किरकिरा होता. छतावरच्या ट्यूबचा. ती पहिल्याच वर्षी मला म्हणाली होती, "अगं, ते कपाट आहे. कुणाशी बोलतेस?" मी मनात म्हटलं, जळते मेली! आणि ती खरोखरच जळत होती. दिवसाचे दहा-दहा तास.

कारण तिच्याखाली आई बसायची. बाबा निवृत्त झाल्यावर आईने रफूचं काम घ्यायला सुरुवात केली होती. फाटलेल्या जागी सुईने कापडच परत विणायचं, असं की फाटलं होतं यावर फाडणाऱ्याचाही विश्वास बसू नये. तिच्या हाताचं नाव झालं. गिऱ्हाइकांचे कपडे त्या कपाटात, आई ट्यूबखाली, आणि मी कपाटामागे घोरतेय, असा आमचा संसार.

मग एकदा विजेचं बिल आलं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि मोठ्ठा कागद पसरला. भूगोलाचा माणूस! घराचा नकाशा काढला. प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा, कुठला किती तास चालतो, सगळं. पाठ कुणाकडे नि तोंड कुणाकडे हे मला कळत नव्हतं ते सोडा. पण त्यांनी दोन दिवस दिव्यांच्या मागे जी पाळत ठेवली, तशी कुणी माझ्यावर ठेवली असती तर मी लाजून चूर झाले असते.

"सापडला चोर," ते म्हणाले. "अगं, तुझ्या डोक्यावरची ट्यूब दिवसभर चालू असते."

"मग काय अंधारात रफू करू?"

"अंधारात कशाला? टेबलावर छोटा बल्ब लावतो. उजेड हवा तिथेच पडला पाहिजे. सगळ्या खोलीला कशाला आंघोळ घालायची?"

बोलणं शहाणपणाचं होतं. बल्ब तेवढा चुकला. कुठल्याशा खोक्यात पडलेला, पिवळाधमक, दमलेला. ट्यूबच्या बटणावर 'दिवसा बंद' अशी चिठ्ठी लागली. त्या घरात पहिल्यांदाच बाबांची ट्यूब पेटली आणि खरी विझली.

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वकिलाचा काळा कोट आला. खांद्यावर खिळ्याला अडकून फाटलेला. आईने रीळ निवडलं, तीन दिवस मान मोडून काम केलं. वकील घालून गेला आणि दुपारी परत आला.

"मावशी, न्यायाधीशांनी माझ्या मुद्द्यापेक्षा माझ्या खांद्याकडेच जास्त लक्ष दिलं हो."

आईने कोट घेऊन दारात उन्हात धरला. काळ्या कापडावर गडद निळी रेघ. एखाद्या ओढ्यासारखी स्पष्ट.

आत आली, सुया डब्यात ठेवल्या, डबा बंद केला. मी कपाटामागून झाकणाचा तो आवाज ऐकला. लोकरीत गुंडाळूनसुद्धा तो टोचला.

"डोळे गेले माझे," ती म्हणाली. "काळं-निळं कळेना. आता दुसऱ्याच्या कपड्याला हात नाही लावायचा."

"अगं, एकदा चुकलं म्हणून..."

"रफूत एकदाच चुकतं माणूस. मग कुणी देत नाही."

दोन दिवस घरात सुई हलली नाही. कोट खुर्चीच्या पाठीवर तसाच. बाबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणून विनवत होते, ती भांडी घासत होती. घासलेलीच परत.

आणि मग सून, जिला या घरात येऊन जेमतेम चार महिने झाले होते, मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला आली. मी बाहेरून तिला रोज बघायचे. त्या दिवशी तिने मला बघितलं. चिमटा तोंडात तसाच ठेवून बोटाने काहीतरी मोजलं आणि आत गेली.

"बाबा, तुमच्या नकाशात मागच्या भिंतीला खिडक्या किती?"

"दोन. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची."

"नक्की?"

"अगं, माझं घर आहे हे!"

"मग जरा बाहेर येता?"

बाबा आले. माझ्यासमोर उभे राहिले. माझा रंग उडालेला, चौकटीत कोळ्याचं घर, आणि काचेत त्यांचंच तोंड. खूप वर्षांनी जुना विद्यार्थी भेटावा आणि नाव आठवू नये, तसं झालं त्यांचं.

"तीन," ते हळूच म्हणाले. "बाहेरून तीन, आतून दोन." मग मागे वळून, "ही उत्तर आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं मी हे!"

"हो का," सून म्हणाली. "मग कपाट हलवू या?"

सगळे कपडे बाहेर निघाले. बाबांनी आपल्या गुंडाळलेल्या नकाशांचा कोपरा रिकामा केला, हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. मुलगा कामावर होता, म्हणून बाबा आणि सून, दोघांनीच जोर लावला. कपाट आधी कण्हलं, मग किंचाळलं, मग सरकलं. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच बोललं, आणि तेही जाताना. मी काय समजायचं ते समजले.

सुनेने कडी ओढली. झडपा उघडल्या.

उजेड धावत नाही आला. चपला दाराशी काढून आल्यासारखा आला. जमिनीवर बसला, टेबलावर चढला, भिंतीला टेकला. ते बघताना मला सुताराचं बोलणं कळलं. ऊन नव्हतं. फक्त उजेड होता, आणि तो माझ्यातून जात होता. मला इतकं हलकं वाटलं, की बिजागऱ्या नसत्या तर मी उडालेच असते.

सुनेने आईला हाताला धरून आणलं, टेबल माझ्याखाली ओढलं, कोट समोर ठेवला. आईने नाइलाजाने रीळ उचललं. माझ्याकडे धरलं. डोळ्यांपासून लांब नेलं, जवळ आणलं.

"अहो, हे निळं आहे."

"कुठलं?"

"काळं. म्हणजे काळं म्हणून घेतलेलं."

तिने डब्यातलं दुसरं रीळ काढलं, शेजारी धरलं. तिसरं काढलं.

"गेले नाहीत हो माझे डोळे."

"नाही गेले," बाबा म्हणाले.

"तुमचा तो मेला बल्ब!"

"हो."

"आणि भूगोलाच्या मास्तराने घरातली उत्तर दिशाच हरवली!"

"हो," बाबा म्हणाले. आणि रिळं काढताना डब्यातून खाली पडलेल्या सुया वेचायला बसले, म्हणजे तोंड दिसायला नको.

वकील कोट न्यायला आला तेव्हा माझ्यापुढे उभा राहून त्याने खांदे उलटसुलट केले. "मावशी, रफू कुठंय?"

"शोधा."

"कुठला खांदा होता?"

"ते तुम्ही सांगा. फाडला तुम्ही."

त्याने पिशवीतून दुसरा कोट काढून ठेवला आणि गेला.

आता नकाशा नवा आहे. त्यात मी आहे, निळ्या पेन्सिलीने, जरा जाडच काढलेली. पिवळा बल्ब चपलांच्या कोनाड्यात गेला, तिथे डावी-उजवी कळली की पुरे. ट्यूबला ओल्या फडक्याने पुसलं, तर तिचा उजेडच वाढला. पुढचं बिल बाबांनी वाचलं आणि खूण म्हणून नकाशांच्या पुस्तकात घालून ठेवलं. आई दिवसभर माझ्याखाली असते. तिचे केस विस्कटतील एवढाच वारा मी आत सोडते. पुन्हा डुलक्या लागतात, पण आता माझ्यातून काहीतरी जात असतं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. एकदा घराबाहेर उभे राहून आपल्या खिडक्या मोजा, मग आत जाऊन मोजा. आकडा जुळला नाही, तर आतून कुणीतरी कपाटाशी बोलत असेल. तिला सोडवा.

काल दुपारी मला जरा जास्तच भरून आलं. छताकडे बघून मी म्हटलं, "काय गं ट्यूबबाई, आईचे डोळे मी परत आणले, बिल मी उतरवलं, घर मी उजळवलं. आता या घराला तुझी गरज तरी काय?"

ट्यूब म्हणाली, "साडेसहा वाजू देत. मग बोलू."